तिला एवढं सांगा

मी एक रणगाडा बोलतोय. पाण्यावर तरंगणारा. हसू नका, खरंच तरंगायचो. आता मात्र पलाउ बेटांमधल्या एका खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या चिखलात, मानेपर्यंत रुतून बसलोय. ओहोटी लागली की माझा बुरूज तेवढा वर दिसतो. त्यावर पक्षी बसतात आणि घाण करून उडून जातात. भरती आली की मी पुरता पाण्याखाली जातो, आणि मग आतले लोक बोलायला लागतात.

आतले लोक कोण, ते सांगतोच. पण आधी माझं ऐका.

माझा जन्म जपानमधल्या एका बंदरातला. नौदलाला असा रणगाडा हवा होता, जो जहाजावरून थेट समुद्रात उतरेल, पोहत किनाऱ्याला लागेल आणि तिथून तसाच जमिनीवर चालू लागेल. म्हणून माझ्या पुढे एक आणि मागे एक असे दोन पोकळ लोखंडी तराफे जोडले. मागे, पाण्याखाली, दोन पंखे बसवले. प्रत्येक दाराला आणि झाकणाला रबराची जाड पट्टी लावली, थेंबभरसुद्धा पाणी आत शिरू नये म्हणून. किनारा आला की आतल्या आत एक चाक फिरवायचं, तराफे सुटून पडायचे आणि मी मोकळा.

मला रंग देणारा कामगार म्हणाला होता, "काय हे ध्यान! होडी म्हणावं तर पायाला पट्टे, गाडी म्हणावं तर बुडाला पंखे."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," दुसरा म्हणाला आणि सिगारेट पेटवायला गेला.

मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला आत काही हवं ना. तेव्हा मी नुसतं लोखंड होतो.

मला जीव आला तो इथे आल्यावर, आणि तो दिला देनरोकुने.

देनरोकु माझा मिस्त्री. माझ्या पोटात बसणाऱ्या सहाजणांत तो वयाने सगळ्यात मोठा, चाळिशी उलटलेला, म्हणून बाकीचे त्याला म्हातारबा म्हणायचे. जपानच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर बापजाद्यांपासून लाकडी होड्या बांधणारं त्याचं घर. मला चालवायचा तो उराबे. तो उत्तरेकडच्या थंड समुद्रावरचा कोळी. बोलायला कमी, खायला जास्त, आणि बायकोचं नाव निघालं की कानापर्यंत लाल होणारा. तिचं नाव साए. तो निघाला तेव्हा तिला दिवस गेले होते.

एकदा माझ्या दाराला वंगण लावताना उराबेने विचारलं, "म्हातारबा, या डब्यात देवी बसवली का हो कुणी?"

"डब्यात कसली देवी?"

"मग हा समुद्रात उतरणार कसा? माझा बाप देवीशिवाय साध्या ओंडक्यावर पाय ठेवायचा नाही."

देनरोकुने हातातलं फडकं खाली ठेवलं. बोलणं त्याला लागलं होतं. त्यांच्याकडे प्रत्येक नावेत फुनादामा असते. फुनादामा म्हणजे नावेतली देवी, नावेचा जीव. नाव बांधणारा मिस्त्रीच तिला डोलकाठीच्या बुंध्यात बसवतो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एक कागदी बाहुली, एक बाहुला, दोन फासे, पाच धान्यांचे चार-चार दाणे आणि नाखव्याच्या बायकोचे केस. दोन किनाऱ्यांमध्ये बोली वेगळी, जेवण वेगळं, पण हे सारखं. इतक्या होड्यांत देवी बसवलेला माणूस आज तिच्याशिवाय समुद्रावर जायला निघाला होता, हे त्याच्याच लक्षात आलं नव्हतं.

"डोलकाठी नाही याला," देनरोकु म्हणाला. "पण तुझ्या बसायच्या जागेमागे एक खोबण आहे. केस कुणाचे घालायचे? माझी बायको वारली, तिचे चालणार नाहीत. बाकीच्यांची लग्नं कुठे झालीत?"

उराबेने गळ्यातली ताईताची पिशवी काढली. स्टेशनावर निरोप द्यायला आली तेव्हा साएने आपली एक बट कापून त्याला दिली होती. त्यातले अर्धे केस त्याने देनरोकुच्या तळहातावर ठेवले. उरलेले परत पिशवीत घातले.

देनरोकुने लाकडाची छोटी पेटी केली. ती तो खोबणीत बसवत होता तेव्हा आमचा लेफ्टनंट किरिनो येऊन वाकून बघू लागला. शहरातला, शिकलेला तरुण, पण उगाच डाफरणारा नव्हता.

"काय चाललंय हे?"

"गळती बुजवतोय, साहेब."

किरिनोने कागदी बाहुल्यांकडे पाहिलं, फाशांकडे पाहिलं. "नीट बुजवा," म्हणाला आणि निघून गेला.

पेटी बसली आणि मला थंडी वाजली. इथल्या उन्हात लोखंडावर हात ठेवला तर सोलून निघतो, अशा भर दुपारी मला थंडी वाजली. आपण आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुणाच्या तरी केसांना अजून तिच्या घरातल्या धुराचा वास होता.

त्यानंतरचे महिने मी खारफुटीत झावळ्या पांघरून लपून राहिलो. वरून विमानं यायची, बॉम्ब टाकून जायची. वंगण संपलं तेव्हा देनरोकु माझ्या रबराला खोबरेल लावू लागला. नारळ मागायला तो दिलुबकडे जायचा. दिलुब म्हणजे मागच्या दलदलीत जिची अळूची खाचरं होती ती बाई. जपानी शाळेत चार इयत्ता शिकली होती, त्यामुळे शिव्या मात्र ती अगदी स्वच्छ जपानीत द्यायची.

"पोरांच्या तोंडात घालायला खोबरं नाही, आणि तू डुकराच्या अंगाला चोळतोस?"

"बाई, डुक्कर नाही, रणगाडा आहे."

"लोखंडी डुक्करच ते. त्याला दुसरीकडे नेऊन बांध. त्याच्यापायी माझ्या अळूवर बॉम्ब पडतील."

पडलेही. तरी ती नारळ देत राहिली, आणि प्रत्येक नारळाबरोबर चार शब्द सुनवत राहिली. देनरोकु मान खाली घालून ऐकायचा आणि येऊन माझं एकेक झाकण जिवापाड चोळायचा. "थेंब शिरायचा नाही," म्हणायचा. तो शब्दाचा पक्का होता.

मग दक्षिणेकडच्या बेटावर शत्रू उतरला. तिथे मदतीला जा, असा आम्हाला हुकूम आला. आज किंवा उद्या, भरती पाहून निघा. दिवस ठरवणं किरिनोच्या हाती होतं.

दुपारची वेळ. माझ्यावरच्या झावळ्या काढल्या होत्या. सहाही जण आत बसून एकेक दार लावून पाहत होते. तेवढ्यात मला ते जाणवलं. पाण्यातून एक घरघर येत होती, फार लांबून. माणसांच्या कानांना ती पोचायला अजून अवकाश होता, पण माझं अर्धं अंग पाण्यात होतं आणि लोखंडाला असल्या गोष्टी आधी कळतात. भूशिराच्या पलीकडे परक्या बोटी येऊन थांबल्या होत्या.

मी ओरडलो. म्हणजे मला जसं ओरडता येतं तसं. उराबेच्या पाठीमागच्या खोबणीतून रातकिड्यासारखा बारीक आवाज आला. किर्र, किर्र, किर्र.

सहाही जणांनी ऐकलं. असा आवाज झाला की देवी बोलली, हे दोन्ही किनाऱ्यांवर तान्ह्या पोरालाही माहीत असतं.

"बोलली," उराबे म्हणाला. "आज जायचं नाही, साहेब. आमच्याकडे ती किरकिरली की होड्या वाळूवर ओढून ठेवतात."

"काहीतरीच काय," देनरोकु म्हणाला. "आमच्याकडे ती किरकिरली की जाळं फाटेस्तोवर मासे. ती बोलावते आणि तुम्ही जात नाही, तर रुसते. मग कायमची गप्प होते."

"म्हातारबा, माझा चुलता ऐकूनही गेला होता. परत आला नाही."

"आणि माझा बाप ऐकून गेला, तो होडी काठोकाठ भरून आला."

खोटं कुणीच बोलत नव्हतं. माझ्या एकाच हाकेला एका किनाऱ्यावर थांबा म्हणतात आणि दुसऱ्यावर निघा. हे मला कुठे ठाऊक होतं? मी आपला जीव तोडून ओरडत होतो.

किरिनोने दोघांकडे पाहिलं. "मला यातलं काही कळत नाही. देवी बसवली कुणी?"

"मी," देनरोकु म्हणाला.

"मग तिची भाषा तुलाच कळणार. काय म्हणते ती?"

इथे सगळं ठरलं. कारण ज्याने देवी बसवली त्याचा तिच्याबद्दलचा शब्द शेवटचा, ही रीत उराबेच्या गावचीही होती. त्यावर कुणी उलट बोलत नाही. देनरोकुने क्षणभर उराबेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल की उद्या जाऊ. मला आजही वाटतं, शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण सगळे बघत होते, आणि इतक्या वर्षांचा मिस्त्री आपल्याच देवीबद्दल 'मला नक्की सांगता येत नाही' कसं म्हणणार?

"शुभ आहे," तो म्हणाला. "निघू या."

"तुम्ही म्हणता तर तसं," उराबे म्हणाला. त्याने हात मागे नेऊन पेटीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग इंजिन सुरू केलं. मी पुन्हा ओरडलो. पण आता माझाच आवाज मला ऐकू येईना.

खाडीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच त्या बोटी भूशिराआडून बाहेर आल्या.

किरिनोने मागे फिरायला सांगितलं. उथळ पाणी जवळ होतं. तराफे सोडून जमिनीवर चढलो असतो तर झाडीत शिरता आलं असतं. पुढचा तराफा सुटला, मागचा अडकला. चाक फिरेना. तेव्हा देनरोकु हातोडा घेऊन वरच्या झाकणातून बाहेर पडला, आणि पडताच त्याने ते झाकण मागे घट्ट दाबून लावलं. पाण्यात असताना झाकण उघडं ठेवायचं नाही, हे त्यानेच सगळ्यांच्या हाडीमाशी रुजवलं होतं.

गोळा माझ्या कुशीत लागला. देनरोकु उडून पाण्यात पडला. मी कलंडलो आणि चिखलात बसलो, तो आजतागायत. बोटी निघून गेल्या.

कुशीतल्या भोकातून पाणी आत येत होतं, पण हळूहळू. आत सगळे मेले नव्हते. हे सांगायला मला फार जड जातं. देनरोकु पोहत आला, माझ्या पाठीवर चढला आणि झाकण ओढू लागला. माझा पत्रा वाकला होता, आणि रबर असं चिकटलं होतं की जणू मी आणि झाकण एकाच ओतीव लोखंडाचे. थेंब शिरणार नाही, असंच त्याने ते बसवलं होतं. आतून ठोकत होते, बाहेरून हा हातोडा मारत होता. भरती चढत गेली. उराबे हाक मारत होता. म्हातारबा, म्हातारबा. पाणी देनरोकुच्या गळ्याशी आलं तरी तो सोडेना. मग आतलं ठोकणं थांबलं. हा मात्र पाण्यात बुडी मारमारून ठोकतच राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहायला दोन सैनिक आले. दक्षिणेला जायचा हुकूम आज सकाळीच मागे घेतलाय, असं ते आपसात बोलत होते.

तेव्हापासून आतले पाचजण माझ्यात राहतात. भरती आली की किरिनो विचारतो, काय म्हणते ती? उराबे म्हणतो, आज नको. मग ठोकणं सुरू होतं. मला कान झाकता येत नाहीत. मीच त्यांचा कान आहे आणि मीच त्यांची भिंत.

लढाई संपली. जपानी लोक जहाजांत बसून गेले. देनरोकुही गेला. भंगारवाले आले तेव्हा दिलुब कमरेवर हात देऊन काठावर उभी राहिली.

"आत माणसं आहेत," ती म्हणाली.

"म्हातारे, कधीच मेली ती."

"म्हणूनच सांगते. हात लावू नका."

माझ्या अवतीभवतीचे खेकडे ती कुणाला पकडू द्यायची नाही. येता-जाता काठावर थांबायची आणि म्हणायची, "काय रे डुकरा, अजून आहेस का?" इतक्या वर्षांत मला नावाने हाक मारणारी ती एकटीच.

पुष्कळ वर्षांनी जपानमधून माणसं आली. मेलेल्यांची हाडं शोधून घरी नेणारी. जागा दाखवायला त्यांच्याबरोबर एक वाळलेला म्हातारा होता, आता खराखुरा म्हातारबा. देनरोकु. आणि त्याचा हात धरून, डोक्याला घट्ट फडकं बांधलेली एक बाई बोटीतून उतरली. ती साए.

मी तिला ओळखलं. केसांच्या वासावरून नाही. ती उतरली तसे आतले पाचही जण एकदम गप्प झाले, त्यावरून.

गॅसच्या ज्वाळेने माझं झाकण कापलं. चिखलातून हाडं निघाली, सगळी एकमेकांत मिसळलेली. कोणाची कुठली, सांगता येईना. पेटी कुजून गेली होती. काठावरच्या वाळूत लाकडं रचून त्यांनी सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. ओहोटी होती, माझा बुरूज वर होता, त्यामुळे मला सगळं दिसलं.

राख निवली. त्यांच्यात हाडं वेचायची ती दोघांनी मिळून. एकच हाड दोघांनी आपापल्या काड्यांनी धरायचं, उचलायचं आणि कलशात ठेवायचं. साए म्हणाली, "भाऊजी, माझ्याबरोबर तुम्ही वेचा. त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत तुम्हीच होतात."

दोघं समोरासमोर बसली. वेचता वेचता ती बोलायला लागली, जेवताना गप्पा माराव्यात तशी.

"लढाईनंतर तुम्ही यांचं आणि केसांचं सांगायला आमच्या गावी, कामोहामाला आला होतात, तेव्हाच विचारायचं होतं. सासूबाई होत्या, धीर झाला नाही. गावात म्हणतात, हिचे केस अपशकुनी. हिचे केस घातले म्हणून देवी मुकी राहिली. नवी होडी पाण्यात सोडायची असली की सगळ्या बायकांना बोलावणं येतं, मला येत नाही. मी केस वाढवणंच सोडलं. माझं एक वेळ राहू दे, पण माझ्या लेकीला, मिओलाही आता बोलावत नाहीत. तिचेही केस माझ्यासारखेच ना."

वड्याचं तेल वांग्यावर काढायची रीत सगळ्या किनाऱ्यांवर सारखीच दिसते.

दोघांच्या काड्यांमध्ये एक लहानसं हाड होतं. साएने ते उचलता उचलता मान वर केली.

"खरं सांगा, भाऊजी. ती बोलली होती का? एकदा तरी?"

हा होकार द्यायलाच तो आला होता. मला ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याने तोंड उघडलं. पण साए आपणच पुढे म्हणाली, "नसणारच बोलली. बोलली असती तर हे गेले नसते. आमच्या गावचा माणूस देवीचं ऐकून कधी निघत नाही. कुणी धरून नेलं असतं तरच."

देनरोकुने तोंड मिटलं.

सांग, मी म्हणत होतो. आतले पाचजण म्हणत होते. उराबे तर ठोकत होता. म्हातारबा, सांग तिला. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडलो, पण झाकण कापलेलं, पेटी कुजलेली, खोबणीत नुसता गाळ. आवाज कुठून निघणार?

"नाही," देनरोकु म्हणाला. "एकदाही नाही."

साएने मान हलवली. हाड कलशात ठेवलं. ते खाली पडलं नाही, दोघांचे हात स्थिर होते. मग तिने डोक्यावरचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं, आणि त्याला म्हणाली, "चला भाऊजी, ऊन झालं. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही." डब्यातला भाताचा गोळा काढून तिने त्याच्या हातात दिला. त्याने तो खाल्ला. खाताना तो रडत होता. तिला वाटलं, उराबेसाठी रडतोय.

बोट निघाली तेव्हा तो पाठमोरा बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मी त्याला दोष देत नाही. तो वाईट असता तर पाणी गळ्याशी आलं तेव्हाच किनाऱ्याला गेला असता. पण साए तो शब्द घेऊन घरी गेली, आणि मिओच्याही वाट्याला तो आला असणार, हे मला सोसवत नाही. हाडं गेली तरी पाचजण इथेच राहिलेत, ते त्यासाठीच. दिलुबही गेली. आता मला डुक्कर म्हणायलाही कुणी नाही. माझा पत्रा इतका पातळ झालाय की बोट लावलं तर आरपार जाईल. एखाद्या वादळात मी विरून जाईन. केस चिखलात मिसळलेत, पण मी अजून बोलतोय, म्हणजे एखादा तरी कुठे अडकून राहिला असेल. तो आहे तोवर सांगून घेतो.

तुम्ही कधी त्या उत्तरेच्या किनाऱ्याला गेलात, तर कामोहामाला उराबेचं घर विचारा. साए आता नसेल. मिओ भेटेल, म्हातारी झाली असेल. नव्या होडीच्या दिवशी ती घरातच बसलेली असेल. तिला एवढं सांगा, की देवी बोलली होती. सहाजणांनी ऐकलं होतं. तिच्या आईच्या केसांनी आपलं काम चोख केलं होतं, आणि तिच्या बापाला जायचं नव्हतं.

कुणी सांगितलं म्हणून तिने विचारलं, तर देनरोकुने सांगितलं म्हणा.